सेड म्हणजे सेड

पुण्यात भांडायला विषयांची वानवा नाही, पण एका इंग्रजी क्रियापदावरून सगळ्या शहराशी वैर घेतलेला माणूस एकच, आणि ते नेमके माझे मामेसासरे आहेत. ते क्रियापद म्हणजे ‘सेड’. म्हणाला, म्हणाली, म्हणाले. मामांची सगळी नोकरी कॅम्पातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात बातम्या तपासण्यात गेली. त्या काळी बातमीत माणूस बोलला की ‘सेड’. मंत्री असो की पैलवान, जितक्या वेळा बोलला तितक्या वेळा ‘सेड’. आता वारज्याच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी ते पेपर उघडतात आणि भडकतात, कारण हल्ली बातमीत कोणी साधं म्हणतच नाही. “नगरसेवक स्लॅम्स आयुक्त! अरे, आयुक्त म्हणजे काय दार आहे का आपटायला?” मग काय लिहायचं, असं मी एकदा भोळेपणानं विचारलं. “सेड लिहा! सेडला काय धाड भरलीय?” असं म्हणून त्यांनी चहाचा कप बशीत असा ठेवला, की आयुक्तांचीच आठवण व्हावी.

हे पेपरापुरतं राहिलं असतं तर मी सोसलं असतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी आपली नव्या सुनेच्या अदबीनं म्हणाले, “सासूबाईंनी रविवारी जेवायला यायचा आग्रह केलाय.” मामांनी चष्म्यावरून पाहिलं. “ताईनं आग्रह केला, की ती म्हणाली?” “म्हणाल्या.” “मग तसं सांग. आग्रह होता की नव्हता, ते आमचं आम्ही ठरवू.” पुढे सासूबाईंची तक्रार घेऊन जावं तर ‘फणकारल्या’, ‘टोमणा मारला’ असलं माझं सगळं भांडवल ते जागच्या जागी खोडून टाकत, आणि शेवटी उरे काय, तर ‘त्या म्हणाल्या, भात मऊ झालाय.’ एवढ्यावर माझी कीव कोण करणार? मी धुमसत घरी यायची. त्यांना पुरून उरायच्या त्या फक्त मामी. मंडईतून आल्या की भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढून दाखवायच्या, आणि मामांनी तोंड उघडलं की म्हणायच्या, “अहो, मी म्हणाले, गॅस बंद करा. हे छापा आणि उठा.”

त्यांच्या नियमाचा दुसरा अर्धा भाग तर याहून जाचक. ‘सेड’ कधी लिहायचं? स्वतःच्या कानांनी ऐकलं तरच. एकदा एका बातमीदारानं पाहुण्यांचं भाषण आधी वाटलेल्या छापील कागदावरून उतरवून दिलं. मामांनी विचारलं, “तू ऐकलंस?” तो चाचरला. चौकशीअंती कळलं, की पाहुण्यांचा घसा बसला होता आणि ते नुसता नमस्कार करून खाली बसले होते. मामांनी बातमी फेकून दिली. हा किस्सा आम्हाला इतक्यांदा ऐकावा लागलाय, की त्या पाहुण्यांचा मला मनापासून राग येतो.

गेल्या वर्षी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. हात थोडा सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. परवा मी सीताफळं घेऊन गेले. मामांनी बिया काढून गर वाटीत घेतला आणि मामींना एक चमचा भरवला. मामींनी डोळे मिटले, मान जराशी वळवली. घरात एवढी शांतता होती, की खालच्या पार्किंगमधली कुजबुजही ऐकू आली असती.

“ती म्हणाली,” मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “गोड आहे, पण मागच्या वेळची बरी होती.”

इतक्या वर्षांचा माझा संताप एकदम जिभेवर आला. सापडले! ‘तुम्ही ऐकलंत?’ एवढंच विचारायचं होतं. मामा चमच्याच्या कडेनं मामींच्या ओठांवरचा गर टिपत होते. मला राग आला, पण तो त्या झटक्याचा.

“आणखी काय म्हणाल्या?” मी विचारलं.

मामांनी वाटी खाली ठेवली. वाकून आपला कान मामींच्या ओठांशी नेला आणि तसेच थांबले. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“थांब जरा. म्हणतेय ती.”