बिननावाची भांडी

पोरगं गेल्यावर मनकर्णा काकूंनी रडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण बाई रडलीच नाय. विश्वजीत सकाळच्या शिफ्टला मोटारसायकलवर निघाला आन वाळूजच्या चौकाच्या अलीकडंच संपला, त्याला चार महिने झाले. तवापासून काकू ओट्यावर बसून असायच्या. चहा दिला तर प्यायच्या, नाय दिला तर मागायच्या नाय. "जेवल्या का?" म्हणलं तर "व्हय." "झोप लागती का?" "व्हय." खरं सांगते, मला त्या 'व्हय'चा राग यायला लागला होता.

अहो, ही तीच बाई, जिनं आमच्या वस्तीत भांड्यांचा गट उभा केला! सात वर्षांमागं आमच्यात लग्न निघालं की मंडपवाल्याच्या पाया पडायचं, नाहीतर एका पुढाऱ्याकडनं भांडी आणायची. तो फुकट द्यायचा, पण प्रत्येक पातेल्यावर त्याचं नाव, हे एवढ्या अक्षरात. काकूंच्या राजनंदिनीच्या लग्नात तर गडी स्वतः आला, माइक हातात घेतला आन म्हणला, "गरिबाची लेक आपण उजवली." काकूंचे मालक तवा हयात होते. भर मांडवात खाली मान घालून उभे राह्यले. दुसऱ्याच दिवशी काकू दारोदार फिरल्या. म्हणल्या, "पैसे नको. घरातलं सगळ्यात मोठं भांडं द्या."

बावीस बाया, बावीस भांडी. कुणाच्या परातीवर मामाचं नाव, कुणाच्या हंड्यावर सासऱ्याचं. आपल्याकडं भांड्यावर नाव घातल्याबिगर कुणाला चैन पडत नाय. काकूंनी विश्वजीतला ग्राइंडर आणायला लावला आन झाडून सगळी नावं घासून काढली. माझ्या परातीवर माझ्या आईचं नाव होतं. मी कडाकडा भांडले. काकू म्हणल्या, "नाव ठेवलं की तू देणारी झालीस, आन बाकीच्या घेणाऱ्या. मग त्या पुढाऱ्यात आन तुझ्यात काय फरक राह्यला, सरिता?" मी परात दिली. तीन दिवस काकूंशी बोलले नाय, ते वेगळं.

मग चाललं की ते. भाडं सगळ्यांना सारखं, गटातल्या बाईला बी. पुढं आम्ही स्वयंपाकाची कामं घ्यायला लागलो. कुठं बिडकीनचा साखरपुडा, कुठं कारखान्यातली पूजा. कमाईतनं नवी भांडी घेतली. फुकट कुणाला द्यायचं नाय आन फुकट कुणाचं घ्यायचं नाय, हा काकूंचाच कायदा.

आन गेल्या सोमवारी विश्वजीतच्या कंपनीतनं हिमांशू नावाचा साहेब आला. समाजसेवेच्या खात्याचा. टेम्पोतनं आठ मोठाली कोरी पातेली उतरवली. प्रत्येकावर कोरलेलं, 'कै. विश्वजीत यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट', आन खाली त्याच्याहून मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव.

बायांचे डोळेच फिरले. खोटं कशाला बोलू, माझे बी. पाचशे पानांचा भात मावंल असलं भांडं आमच्याकडं एकच हाय. पण कायद्याचं काय? सगळ्या काकूंकडं बघायला लागल्या. मला धास्ती पडली. ही आता 'व्हय' म्हणणार, आन सात वर्षांचं सगळं मातीत जाणार.

"मावशी, पातेल्यापाशी उभ्या राहा ना. एकच फोटो," साहेब म्हणला.

काकू उठल्या. नावावरून बोट फिरवलं. तोंडावर काहीच नाय, ना दुःख, ना राग.

"भट्टीवर चढलं की हे काळं होणार," त्या म्हणल्या.

"हो, ते तर..."

"मग दर लग्नाला मी त्याचं नाव घासत बसू?"

साहेबानं फोटोसाठी धरलेला मोबाईल खाली घेतला.

"तुमच्या कॅन्टीनचं जेवण कोण करतं?"

"पुण्याचा ठेकेदार आहे."

"ते काम आम्हाला द्या. महिनाभर खाऊन बघा. नाय आवडलं तर बंद करा."

"मावशी, ते खातं वेगळं असतं. माझ्या हातात फक्त मदत आहे."

"मग ती मदत घेऊन जा, बाबा," काकू म्हणल्या आन परत ओट्यावर जाऊन बसल्या.

टेम्पो माघारी गेला. आमच्यातली प्रेरणा तोंडाची फटकळ. म्हणली, "घरी बसून कायदा सांगायला काय जातंय! चार महिने झाले, झाऱ्याला हात नाय लावला." मी तिच्यावर अशी खेकसले की ती पदर झटकून निघूनच गेली.

मी काकूंजवळ बसले. "तिचं मनावर घेऊ नका. तुम्ही आराम करा. तुमची कामाची पाळी आम्ही करतो. संध्याकाळी डबा आणते."

काकू माझ्याकडं वळल्या. "तेराव्यापर्यंत डबे आणले, ती रीत हाय. त्याच्यापुढं काहून आणता गं?"

काकूंनी बोटांवर मोजायला घेतलं.

"माझी पाळी तुम्ही करता, माझी मजुरी घरी आणून ठेवता. चार महिन्यांत मला कुणी एक काम सांगितलं नाय. मी हाय का गेले, हेच मला कळंना झालंय."

बाई गं! मला वाटायचं, आम्ही माया करायलो. आम्ही बावीसच्या... नाय, एकवीस जणींनी मिळून या बाईवर खैरात चालवली होती. जमिनीत जावंसं वाटलं मला.

"उद्या चिकलठाण्याला तीनशे पानं हायेत," मी म्हणलं. "भाताला मी उभी राहणार होते."

"तू?" काकू म्हणल्या. "तुझा भात दर वेळी खाली लागतो. किती वाजता निघायचं?"

"साडेसहाला."

"मला उठवायला येऊ नको. आन मी उशीर केला तर माझी मजुरी काप."

"कापते," मी म्हणलं.