उन्हात वाळवलेला मका

आमच्या घरात अन्न टाकायची पद्धत नाही. माणसाला नको झालेलं कोंबड्यांना, कोंबड्यांनी सोडलेलं म्हशीला. माझ्या चार वर्षांच्या लेकीलाही ताटात कण ठेवू देत नाही. लोक या वळणाचं कौतुक करतात. मला मात्र आज त्याची चीड येते.

पेठ वडगावजवळ आमचं अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड आहे. कारभार थोरल्या भावाचा, मदतीला मी. यंदा पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली मक्याची पोती भिजली. उघडली तर दाणे हिरवट आणि कुबट वास. दोन दिवस उघडीप मिळाली तसा दादानं मका ताडपत्रीवर पसरला.

"दादा, ह्यो नको घालाय," मी म्हणालो.

"ऊन दिलंय की! वास येतोय का आता? लई शाना हाईस."

वास खरंच गेला होता. मी खाद्यात मका मिसळायला फावडं हातात घेतलं.

काही दिवसांत कोंबड्यांनी खाणं कमी केलं, तुरे फिके पडले, अंडी घटली. मग रोज सकाळी मेलेल्या उचलायच्या. दादानं हवेला शिव्या घातल्या, लस देणाऱ्याला घातल्या, शेजाऱ्याच्या नजरेलाही सोडलं नाही. मक्याचं नाव काढेना. त्याचा गळा धरावासा वाटायचा. पण पोती फेकायला माझे हात कुणी बांधले होते?

शेवटी डॉक्टर आले. त्यांनी मेलेली कोंबडी फाडून कलेजी दाखवली. पिवळी पडलेली, बोट लावलं की भुगा.

"मका भिजलेला न्हवं?"

"वाळवलाय की चांगला," दादा म्हणाला.

डॉक्टर भडकले. "वाळवून बुरशी मरंल, तिचं विष दाण्यातच ऱ्हातंय! कुठल्याच जनावराला घालू नका. दुभत्याला तर न्हाईच. दुधात उतरतंय ते."

मी दादाकडे वळलो.

"उरलेली पोती कुठं हाईत?" मी विचारलं.

"म्हशीला घालतोय. आठ दिस झालं. कोंबड्या खाईनात, मग टाकून कसं द्यायचं?"

मी त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तसाच घराकडे पळालो. लेक उंबऱ्यावर बसली होती, ओठांवर सायीची पांढरी रेघ. मला बघून तिनं पेला उलटा करून दाखवला.

"बघा बाबा, एक थेंब बी टाकला न्हाय."