दारातूनच लिहिलेलं 'निरंक'

सकाळची गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

आज रेशन दुकानात माझ्यापुढं एक म्हातारी होती. कुष्ठरोगानं बोटं झडलेली, मशीन अंगठा घेईना.

तिनं मला ओळखलं. "साहेब, नामांतराचं आंदोलन चालू व्हतं तवा तुमी वालूरला आमच्या घरी चट्टे बघायला आलते."

खरंय. कुष्ठरोग सर्वेक्षणात होतो मी. बाईमाणसाची पाठ कशी बघायची, म्हणून दारातूनच विचारायचो. तिची सासू म्हणाली, "न्हाई." मी 'निरंक' लिहिलं.

"माझ्या पाठीवर व्हता चट्टा. सासूसमोर कसं सांगावं?"

रोग थांबवणाऱ्या गोळ्या तेव्हा माझ्या पिशवीतच होत्या.

म्हातारी रिकामीच पिशवी घेऊन गेली. माझा अंगठा मशीननं लगेच घेतला.

अशा किती दारांतून परत फिरलो असेन मी?