साहेब येईपर्यंत

पुढाऱ्यांबद्दल आमच्या साडूभाऊंइतकं चांगलं बोललेला माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकं वाईट बोललेलाही सापडणार नाही. चांगलं ते माईक चालू असताना बोलत आणि वाईट माईक बंद झाल्यावर. दोन्हींच्या मध्ये फक्त एक बटण होतं. ते चुकीच्या वेळी चालू राहण्याचा प्रसंग इतक्या वर्षांत एकदाच आला, आणि तो अर्थातच माझ्यामुळे. एका सभेत त्यांनी मला माईक धरायला दिला होता. मी तो मोठ्या भक्तिभावाने छातीशी धरून उभा राहिलो, चालू ठेवून. साहेब पायऱ्या चढत होते आणि साडूभाऊ माझ्या कानात म्हणाले, "बघ, आता पाऊण तास आईची आठवण काढून रडणार." हे वाक्य मैदानातल्या चारही कर्ण्यांतून ऐकू गेलं. नशीब असं, की साहेबांनी उभं राहताच खरोखरच आईची आठवण काढून डोळे पुसले आणि लोकांना वाटलं, मघाची ती प्रस्तावना होती. सभा संपल्यावर साहेबांनी साडूभाऊंची पाठ थोपटली. साडूभाऊंनी माझं जे थोपटलं त्याला पाठ म्हणता येणार नाही.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. तिथे पॉलिशच्या मशीन दिवसभर अशा किंचाळायच्या, की 'चहा घेणार का' हेसुद्धा घोषणेसारखं विचारावं लागायचं. त्यातून त्यांचा आवाज घडला. आधी तो गल्लीतल्या गणेशोत्सवाने ऐकला, मग एका पक्षाने, मग सगळ्यांनी. निवृत्तीनंतर तर हे गृहस्थ पूर्णवेळ सूत्रसंचालक झाले. मराठीत सुरू झालेलं त्यांचं वाक्य हिंदीचं वळण घेऊन गुजरातीत संपायचं, आणि समोर बसलेल्या तिन्ही प्रकारच्या लोकांना वाटायचं की मुख्य वाक्य आपल्याच भाषेत होतं, बाकीचं भाषांतर. मानधन म्हणून मिळालेल्या शाली घरात इतक्या साठल्या, की ताईंनी शेवटी त्या शालींचे उशांना अभ्रे शिवले. त्या घरी रात्री मुक्काम केला की आपला डोक्याखालून सत्कार होतोय असं वाटतं.

पण त्यांची खरी कला बोलण्यात नव्हती, थोपवून धरण्यात होती. साहेब येईपर्यंत लोकांना खुर्चीत बसवून ठेवणं हे त्यांचं काम. तीन तासही ते सहज भरून काढत. दर दहा मिनिटांनी बातमी देत. "साहेब निघालेत" याचा खरा अर्थ, साहेब अंघोळीला गेलेत. "साहेब रस्त्यात आहेत" म्हणजे जेवतायत. "साहेब कोणत्याही क्षणी पोहोचतील" म्हणजे दुसऱ्या सभेत त्यांचं भाषण सुरू झालंय. हा शब्दकोश त्यांनी मला एका संध्याकाळी भजी खाताना समजावून सांगितला होता. शिवाय उशिराचं त्यांचं एक कोष्टक होतं. "अर्धा तास उशीर म्हणजे नगरसेवक. दोन तास म्हणजे आमदार. आलाच नाही तर मंत्री."

"आणि वेळेवर आला तर?"

"वेळेवर आला," साडूभाऊ मिरची बाजूला काढत म्हणाले, "तर तिकीट कापलंय बिचाऱ्याचं."

विशेषणांचंही तसंच. त्यांच्या वहीत पुढाऱ्यांची यादी होती आणि प्रत्येकापुढे विशेषण. जो अजून निवडून आलेला नाही तो 'धडाडीचे'. निवडून आला की 'कार्यसम्राट'. आणि पडला की 'मार्गदर्शक'. त्या वहीत माणसांची नावं शाईने होती आणि पक्षांची पेन्सिलने. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "अरे साडू, खोडरबर स्वस्त पडतो." व्यासपीठावरच्या कोणाचं नाव घ्यायचं राहिलं तर खुर्च्या उडतात, म्हणून शेवटी ते डोळे मिटून म्हणत, "आणि अनवधानाने ज्यांचं नाव राहून गेलं, ते तुम्हा-आम्हा सर्वांचे लाडके नेते..." यावर किमान वीस जण उभे राहून हात जोडत. हे नाटक आतून इतकं पाहूनही मतदानाला मात्र हा माणूस सकाळी सातला रांगेत पहिला. मी एकदा त्यावरून टोमणा मारला, तेव्हा म्हणाले, "तमाशाला हसायचं असेल तर तिकीट काढून आत बसावं. भिंतीवरून डोकावणाऱ्याला हसायचा हक्क नाही." मी त्या वर्षी मतदानाला गेलो नव्हतो. यादीत नाव शोधायचा कंटाळा. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं, कारण त्यांनी माझं बोट पाहिलं होतं.

मी या सगळ्यात कसा आलो? माझ्याकडे स्कूटर होती, म्हणून. मीरा रोडहून जाऊन भाईंदर पूर्वेला त्यांना घ्यायचं आणि सभेला पोहोचवायचं. पुढे बढती मिळून मी 'रुमाल' झालो. नाक्यावर उभं राहायचं आणि साहेबांच्या गाड्या दिसल्या की पांढरा रुमाल हलवायचा, म्हणजे स्टेजवरून साडूभाऊ घोषणा करणार, बँड वाजणार, फटाक्यांची लड लागणार. फोन का नाही? तर स्टेजवर फोन वाजला की प्रत्येक पदाधिकाऱ्याला वाटतं तो आपल्यासाठी दिल्लीहून आलाय. या खात्यात मी पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या ड्रायव्हरला हार घातला. तो पुढच्या दाराने उतरला, चष्मा सोनेरी, कपडे पांढरेशुभ्र. मला काय माहीत, साहेब मागून टी-शर्टमध्ये उतरणार आहेत? तरी साडूभाऊंनी माझी नोकरी शाबूत ठेवली. नातं आडवं आलं.

आता मासळी बाजाराच्या शौचालयाची गोष्ट. मुर्ध्याहून आणि पुढच्या कोळीवाड्यांतून बायका पहाटे पाट्या घेऊन बाजारात येतात आणि दुपार टळेपर्यंत बसतात. त्यांच्यासाठी एक शौचालय बांधलं गेलं. फरशा बसल्या, नळ आले, बाहेर हिरवा रंगही झाला. आणि दाराला कुलूप, कारण लोकार्पण व्हायचं होतं. पहिल्यांदा तारीख ठरली तेव्हा साहेबांना अचानक वरून बोलावणं आलं. दुसऱ्यांदा ठरली तेव्हा साहेबांनी आदल्याच दिवशी पक्ष बदलला, त्यामुळे कोनशिला पुन्हा कोरावी लागली. दोन्ही वेळा साडूभाऊंनी दोन-दोन तास भरून काढले होते. समोर पहिल्या रांगेत बाजारातल्याच बायका. त्यांतली एक मावशी, साठी ओलांडलेली, सुरमई कापावी तसं बोलणारी. दुसऱ्या वेळी कार्यक्रम बारगळल्यावर तिने साडूभाऊंना गाठलं.

"ए माईकवाल्या, तुजा साहेब येनार हाय का न्हाय?"

"येणार ना मावशी. कामात असतात हो."

"आमी बी कामात हाव. सकालपासून पान्याचा थेंब न्हाय घेतला. घेतला तर जाऊ कुटं? तुज्या स्टेजमागं?"

साडूभाऊंनी माईकची वायर गुंडाळायला घेतली. परतताना स्कूटरवर मागून म्हणाले, "मी तिला दोन तास कशावर बोललो माहितेय? स्वच्छतेवर."

तिसरी तारीख ठरली ती नेमकी लग्नसराईत, भर दुपारी. स्टेज, मांडव, दाराला लाल फीत, तबकात कात्री. मी नाक्यावर रुमाल घेऊन. साडूभाऊंचं 'निघालेत' झालं, 'रस्त्यात आहेत' झालं, 'कोणत्याही क्षणी'सुद्धा दोनदा झालं. दीड तास उलटला. उन्हात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, त्यात तीन पांढऱ्या गाड्या वळल्या. काळ्या काचा, हॉर्नचा दणदणाट, आणि पुढच्या गाडीला झेंडूच्या माळा. मी म्हटलं, कार्यकर्त्यांचा उत्साह दांडगा आहे, आणि रुमाल असा हलवला की खांदा दुखावला.

बँड वाजला, लड लागली. गाडी थांबली आणि दार उघडून उतरला तो एक नवरदेव. फेटा, तुरा, गळ्यात मोत्यांच्या माळा, कमरेला तलवार. बँड आणि फटाके ऐकून बिचाऱ्याला वाटलं, आपला हॉल आला. साहेबांच्या पक्षाच्या वॉर्ड अध्यक्षांनी सवयीने, तोंडाकडे न पाहता, त्याला हार घातला. मग पाहिलं. हात हाराशीच थिजले.

"भाईसाब," नवरदेव म्हणाला, "हॉल यही है ना?"

मी धावत स्टेजपाशी आलो. आता साडूभाऊ सावरून घेणार याची मला खात्री होती. एक विनोद, एक शेर, आणि पुन्हा 'साहेब थोड्याच वेळात'. त्यांनी माईक तोंडाशी नेलासुद्धा. मग त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. मावशी खुर्चीत पुढे वाकून, पदर तोंडात धरून, घट्ट बसली होती. साडूभाऊ बोलू लागले.

"बंधू-भगिनींनो! आपल्याकडे नवरदेव म्हणजे साक्षात नारायण. लग्नाच्या दिवशी त्याचे पाय धुतात. ज्याच्यासाठी लोक तपश्चर्या करतात तो आज गाडी थांबवून स्वतः इथे उतरलाय. आता नारायणाहून मोठे साहेब कोणाला माहीत असतील तर त्यांनी हात वर करावा!"

व्यासपीठावरच्या काहींचे हात उचलले गेले आणि अर्ध्यात थांबले.

"कुंवरसा, पधारो!" साडूभाऊ मारवाडी थाटात गरजले. "ये शुभ काम आपके हाथ से!"

कात्रीच्या तबकाकडे कोणाचं लक्ष जायच्या आत नवरदेवाने तलवार उपसली आणि फीत कापली. कुलूप काढायला चावी वॉर्ड अध्यक्षांच्या खिशात होती. ती त्यांच्या खिशातून मावशीच्या हातात कशी गेली हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण मावशीचा हात मासळी बाजारात घडलेला आहे. टाळ्यांच्या कडकडाटात ती आत गेली. मागे रांग लागली. बाहेर येऊन तिने नवरदेवाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "बायकोला सांग, माज्याकडशी पापलेट ने." नवरदेव पक्का शाकाहारी होता, पण त्याने वाकून नमस्कार केला.

साहेब चाळीस मिनिटांनी आले. फीत कापलेली, रांग लागलेली, आतून नळाचा आवाज. साहेब गाडीतून न उतरताच निघून गेले आणि मग वॉर्ड अध्यक्षांचा आवाज चढला. "रुमाल कोणी हलवला? कोण आहे तो गाढव?"

मी पुढे पाऊल टाकणार होतो. खरं सांगायचं तर मागे टाकणार होतो. साडूभाऊंनी आयुष्यात माझी एकही चूक माफ केलेली नव्हती. ड्रायव्हरच्या हाराची गोष्ट ते माझ्या सासुरवाडीत दर दिवाळीला नवा मसाला घालून सांगत. पण त्या दिवशी ते अध्यक्षांना शांतपणे म्हणाले, "रुमालाचा दोष नाही. कोण उतरलंय ते मला स्टेजवरून स्वच्छ दिसत होतं. फीत मी कापायला लावली."

त्यानंतर कोणत्याच पक्षाने त्यांना बोलावलं नाही. एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या पक्षांचं यावर झालं. साडूभाऊ म्हणतात, शहराच्या ऐक्याला आपण एवढा हातभार लावला. वही त्यांनी कपाटावर ठेवून दिली.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. खिडकीतून दोन गल्ल्यांपलीकडच्या मासळी बाजारातला लाऊडस्पीकर ऐकू येत होता. शौचालयाचं अधिकृत लोकार्पण चाललं होतं. बायका दोन महिने ते वापरतच होत्या, पण कागदोपत्री अजून व्हायचं होतं. सूत्रसंचालनाला कोणी नवी मुलगी होती. साहेब आले, हार झाले, आणि तिचा आवाज आला, "आत असलेल्या भगिनींनी कृपया दहा मिनिटांसाठी बाहेर यावं."

त्यावर माईकशिवाय, पण माईकइतकाच स्पष्ट, ओळखीचा आवाज आला. "मी हाय आतमदी. साहेबाला म्हनावं थांब जरा!"

साडूभाऊ इतके हसले की ताई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आल्या. बाहेर शांतता पसरली. साहेब खरंच थांबले असणार. ती शांतता लांबत गेली. मुलीचे शब्द संपले असावेत. साडूभाऊंचं हसू ओसरलं, त्यांनी उठून खिडकीचे गज धरले, आणि त्यांचे ओठ हलू लागले. मी जवळच होतो, पण काय म्हणताहेत ते ऐकू आलं नाही.

मग मुलगी पुन्हा बोलायला लागली. आधी अडखळत, मग बरी. बाजारातल्या बायकांना विचारू लागली, पहाटे किती वाजता उठता, मुलं कोणाकडे ठेवून येता, कुठली मासळी आज ताजी आहे. कोणीतरी उत्तर दिलं, लोक हसले, एकदा टाळ्याही पडल्या.

"ऊन येतंय," ताई म्हणाल्या. "खिडकी लावू का?"

"राहू दे उघडी," साडूभाऊ म्हणाले. "बरं बोलते पोरगी."

ताटं वाढून झाली होती. आम्ही दोघं खिडकीपाशीच उभे राहिलो आणि आभारप्रदर्शन संपेपर्यंत ताईंनीही त्यांना जेवायला हाक मारली नाही.