वळणावर डावीकडे जाणारी गाडी

गॅरेजात त्याला सगळे ‘महाराज’ म्हणत. प्रवचन तर सोडाच, दिवसभरात धड चार वाक्यंही तो बोलायचा नाही. नाव पडलं ते त्याच्या सवयीमुळे. ब्रेकची तक्रार घेऊन गाडी आली की तो आधी तिला फेरी मारून आणायचा, मग हातमोजा काढून चारी चाकांजवळ तळहात धरत हिंडायचा. ज्या चाकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त, त्याचा ब्रेक कुठेतरी अडकलेला. गॅरेजचा मालक हटकून विचारायचा, झाला का आशीर्वाद देऊन? महाराज म्हणायचा, “देतोय कुठला, घेतोय.”

असा हा माणूस एका गाडीला मात्र बरेच दिवस हात लावू शकला नाही. ती गाडी त्याच्या दादाची होती.

दादाने हौसेने एक मोठी आलिशान गाडी घेतली होती, सेकंडहँड, पण आत बसलं की रस्ता जाणवू नये अशी. डोंगरावरच्या हॉटेलात तो पाहुणे पोचवायचा. गेल्या हिवाळ्यात वर जाताना एका वळणाअलीकडे त्याच्या छातीत कळ आली. त्याने गाडी हळूच डावीकडे कठड्याशी घेतली, हँडब्रेक लावला, मागच्या पाहुण्यांना म्हणाला, जरा थांबू या, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पाहुण्यांना वाटलं, थकला असेल. कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. दादा मात्र गेला.

वहिनीने महिनाभर दार लावून घेतलं आणि मग एक दिवस स्वतःच किल्ली उचलली. हॉटेलवाल्यांनीही नाही म्हटलं नाही. सकाळी लेकीला त्या वळणापलीकडच्या शाळेत सोडायची आणि तशीच पुढे पाहुणे आणायला जायची. दादाचं जाड जॅकेट ड्रायव्हरच्या सीटमागे टांगलेलं होतं, ते तिने काढलं नाही.

यंदा बर्फ पडायला लागला तसं तिने दिराला सांगितलं, की त्या वळणावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जाते. महाराज लगेच आला. दार उघडलं, जॅकेट दिसलं, आणि त्याने दार परत लावलं. आत बसून फेरी मारायचं काही त्याला जमेना. मग त्याने बाहेरूनच, उकिडवं बसून, चाकाच्या रुंद आऱ्यांमधून टॉर्च मारला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ब्रेक पॅड चांगले जाडजूड दिसले. समोरच्या पट्टीवर धोक्याचा दिवाही लागलेला नव्हता.

“ब्रेक ठीक आहेत, वहिनी,” तो म्हणाला. “रस्ता निसरडा आहे, जपून चालवा.”

गॅरेजात त्याने कुणाचीच गाडी चाक न उतरवता अशी पास केली नसती. वहिनी नुसती किंचित हसली. ते हसू त्याला कळलं नाही, पण घरी जाईपर्यंत ते त्याच्या मागे मागे आलं.

पुढे एकदा तो वहिनीकडे स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला गेला होता. वहिनी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. पुतणी ओट्याशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “काका, आई तिथे हात सोडते.”

“कुठे?”

“बाबांच्या वळणावर. ब्रेक दाबते आणि स्टिअरिंग सोडून देते. म्हणते, आता बाबा घेतात बघ बाजूला. आणि गाडी खरंच जाते, काका.”

महाराजच्या हातातला पाना सिंकमध्ये पडला. आपण ठीक म्हणालो, म्हणून तिने असा अर्थ लावला. ब्रेकमध्ये दोष नाही, तर मग ओढणारा कोण? क्षणभर त्यालाही दुसरं उत्तर सुचलं नाही.

तो तसाच बाहेर गेला आणि वहिनीला म्हणाला, मला त्या वळणावर घेऊन चला, आत्ता. पुतणीला शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि दोघं निघाली. महाराज पहिल्यांदाच त्या गाडीत बसला. मागून जॅकेटचा वास येत होता, तेलाचा आणि दादाच्या साबणाचा. मनातल्या मनात तो देवाचं नाव घेत राहिला. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते आणि मधे बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ मळकट होऊन पसरलं होतं.

वळण आलं. वहिनीने ब्रेक दाबला आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. कुणी बाहीला धरून न्यावं तशी गाडी डावीकडे निघाली. तिला घाई नव्हती, धक्का नव्हता. महाराजने स्टिअरिंगकडे झेप घ्यायचं म्हटलं, पण हातच हलेना. कठडा खिडकीत मोठा होत गेला आणि गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. पलीकडे नुसतं पांढरं होतं, खोल.

“बघितलंत?” वहिनी म्हणाली. तिचा चेहरा इतका शांत होता की त्याला तिच्याकडे बघवेना.

तो खाली उतरला, हातमोजा काढला. पुढचं डावं चाक जेमतेम कोमट. मागची दोन्ही गार. पुढच्या उजव्या चाकाजवळ तळहात नेला आणि त्याने तो झटकन मागे घेतला. ते तापलं होतं.

मग सगळं त्याच्या ध्यानात आलं. मिठाच्या पाण्याने उजव्या ब्रेकच्या सरकत्या पिना गंजून जाम झाल्या असणार. मग डिस्क, म्हणजे चाकाची तबकडी, दोन्हीकडून दाबणाऱ्या पॅडपैकी आतला एकटाच, ब्रेक सोडला तरी घासत राहतो आणि चाक तापतं. बाहेरचा नुसता उभा, म्हणून आऱ्यांमधून पाहिलं की जाडजूड दिसतो. उजवं चाक अर्धवट धरतं, डावं पुरतं धरतं, आणि गाडी डावीकडे जाते. पॅड झिजला की धोक्याचा दिवा लावणारी तार या गाडीत डाव्याच चाकाला होती, ती गप्पच राहणार.

त्याने हे वहिनीला सांगितलं. ती समोर बघत ऐकत होती.

“तुम्हीच म्हणाला होतात, ठीक आहे म्हणून.”

“बाहेरून बघितलं होतं. चुकलं माझं.”

“म्हणजे ते नाहीत,” ती म्हणाली. आणि जरा वेळाने, “राहू दे ना, भाऊजी. नका दुरुस्त करू.”

महाराजला शब्द जुळवायची सवय नव्हती. तो दाराशी उभा राहिला, उघडा हात गारठत होता.

“वहिनी, दादाने गाडी बाजूला घेतली ती माणसं वाचवायला. शेवटचा श्वास त्यात घातला त्याने. तो तुम्हाला आणि पोरीला कठड्याकडे नेईल का?”

मग तिने किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि पलीकडच्या सीटवर सरकली. गाडी त्याने हळू, ब्रेक शक्यतो न दाबता, खालच्या गिअरवरच पेलत खाली आणली.

गॅरेजात चाक उतरवलं तेव्हा मालकसुद्धा थट्टा विसरला. आतला पॅड पार झिजून त्याचा लोखंडी पत्रा डिस्कला लागला होता. बाहेरचा जवळपास कोरा. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, आणि एक संपला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. महाराजने नव्या पिना घातल्या, नवी डिस्क, दोन्ही बाजूंना नवे पॅड. मग फेरी मारून आला आणि तळहात धरत हिंडला. पुढची दोन्ही चाकं सारखीच कोमट होती.

वहिनी पुढच्या सकाळी लेकीला घेऊन निघाली तेव्हा तो शेजारी बसला. वळणावर तिने ब्रेक दाबला. हात स्टिअरिंगवरच होते, पण बोटं सैल केलेली त्याला दिसली. गाडी सरळ राहिली. तिने डोळे मिटून उघडले आणि मग स्वतःच्या हातांनी गाडी डावीकडे घेऊन अलगद उभी केली.

“आज मीच घेतली,” ती म्हणाली, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा लेकीदेखत रडली. लेकीने मागून ते जॅकेट तिच्या खांद्यावर घातलं.

त्यानंतर तिची गाडी पुन्हा कधी डावीकडे ओढली गेली नाही. दर हिवाळ्यात ती चाकं उतरवून तपासून घेते.

महाराजची स्वतःची एक छोटी जुनी गाडी आहे. वरच्या हॉटेलातलं काही काम निघालं की तो तिनेच जातो. वळण आलं, ब्रेक दाबला की त्याचे हात आपोआप डावीकडे वळतात. तो त्यांना अडवत नाही. कठड्यापासून लांब गाडी थांबवतो, उतरतो, हातमोजा काढतो आणि चारी चाकांजवळ तळहात धरून येतो. जोडी-जोडीने धग सारखी असते.

ब्रेक त्याने स्वतः तपासलेले आहेत.