तानबाची उसनी तोंडं

अल्लीपुरात कोणाची सोयरीक ठरायची असली की पोरीचा बाप आधी तानबाला गाठी. तानबा पाहुण्यांच्या घरी पोहे खाई, हो-हो करी, अन् परतताना बसमध्ये होणाऱ्या सासूचं तोंड आपल्या तोंडावर चढवी. ओठ मुडपलेले, नाकपुड्या फुगलेल्या, एक भिवई कपाळात. "आमची मागणी काहीच नाई जी. लेकीवानी ठेवू." सगळी बस खदखदून हसे. हसणं ओसरलं की तो पोरीच्या बापाला हळूच सांगे, "देऊ नोका. हे तोंड केलं तं माह्या पोटात कडू होते."

तोंड घेतलं की मन मागून येतेच, असं त्याचं म्हणणं.

शहात्तरच्या हिवाळ्यात त्याच्या तोंडावरून वारं गेलं. डावा गाल लोंबला, चहा ओठातून गळू लागला. शेक झाले, वर्ध्याच्या सुया झाल्या. गावाला वाटलं, तानबाच्या नुसत्या नकला गेल्या. पण शेजारचा नत्थूजी चिडून बोलला की थट्टेनं, हेही आता त्याला बायकोला विचारावं लागे.

अशात त्याच्या एकुलत्या नलूला हिंगणीचं स्थळ आलं. पाहुणे ओसरीत सुपारी कातरत बसले. तानबा आत गेला.

"नलू, पोरगा पसंत हाय का तुले?"

"तुमी म्हणसान तसं, बाबा."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग बोटांनी आपला लुळा गाल वर ढकलला, ओठाचा कोपरा तिच्यासारखा दाबून धरला. आतून काही आलं नाही.

"माही नक्कल करून राह्यले का, बाबा?" नलूनं मान खाली घातली. तिचे खांदे हलू लागले. हसून की रडून, ते त्याला कळेना.

"लाजून राह्यली पोरगी," त्याची बायको रुख्माबाई म्हणाली. "लोकं खोळंबले ना बाहेर. द्या शब्द."

"पक्कं सांगतं?"

"माह्या पोटची हाय. मले नाई कळणार?"

दुसऱ्याच्या सांगण्यावरून तानबानं आजवर एकही सोयरीक जोडली नव्हती. तो बाहेर गेला अन् शब्द दिला.

लग्न लागलं, अन् सासरी वाटे लावताना नलू रडली. सगळ्याच पोरी रडतात. यातलं रीतीचं कोणतं अन् जिवाचं कोणतं, हे तो पूर्वी तिथंच उभ्या-उभ्या ओळखी. त्यानं दोन्ही हातांनी आपले गाल धरले, वर ओढले, खाली ओढले.

"रडू द्या त्याले," नत्थूजी लोकांना म्हणाला. "बाप हाय."

तानबाच्या बोटांना नुसतं कातडं लागत होतं. जीप हिंगणीकडे निघून गेली.