पुतळ्यापाशी बसणाऱ्या आम्ही हारवाल्या

हारवालीच्या पाटीखाली संध्याकाळी देठं साचतात ना, तसे आमच्या चौकात किस्से साचतात. झाडून काढले तरी सकाळी पुन्हा ढीग! मला लिहिता येत नाही, म्हणून मी बोलते आणि नात मोबाईलवर उतरवून घेते.

राजधानी मुंबई, असं सगळे म्हणतात. पुण्याने ते अजून मनावर घेतलेलं नाही. झेंडा असो, जयंती असो, निवडणूक असो नाहीतर क्रिकेटचा कप, मिरवणूक आमच्या चौकातल्या पुतळ्याला वळसा घालून गेली तरच ती झाली! त्या पुतळ्याच्या पायाशी गोणपाट टाकून आम्ही दोघी हारवाल्या बसतो. मी आणि हौसाक्का. ती वाघोलीची, तिथे ज्वारी पिकायची तेव्हाची. आणि कुठलाही कार्यक्रम आला की कुणीतरी साहेब येऊन म्हणणारच, "आजी, उठा!" आमचा जन्म त्या एका शब्दाशी भांडण्यात गेला.

*

एका उमेदवाराने निकाल लागायच्या आधीच विजयाची मिरवणूक काढली. पहिल्या फेऱ्यांत पुढे होता म्हणे. जीपवर उभा, अंगभर गुलाल, गळ्यात हौसाक्काच्या हातचा झेंडूचा हार. नेमका चौकात आला आणि फोन वाजला. गडी मागे पडला होता!

ढोल थांबला. कार्यकर्ते एकमेकांचा गुलाल झटकायला लागले. गडी जीपवरून उतरून हळूच सटकत होता, तर हौसाक्काने गाठलंच. "दादा, हार घरच्या देवाला घाला. तो कधी पडत नाय!"

*

सव्वीस जानेवारीला झेंड्याच्या घडीत पाकळ्या भरायचा मान आमचा. एका वर्षी हौसाक्काने आदल्या संध्याकाळी पाकळ्या निवडल्या, आणि हारवालीची सवय, फूल दिसलं की पाणी शिंपडायचं! थंडीत पाकळ्यांचा पार लाडू झाला.

सकाळी पाहुण्या साहेबांनी दोरी ओढली. झेंडा झोकात फडकला आणि लाडू थेट साहेबांच्या टोपीवर! साहेब सलामीत, हलायचीही सोय नाही. राष्ट्रगीत संपेपर्यंत कपाळावरून पाणी ओघळतंय.

"पाकळ्या कुणी भरल्या?" त्यांनी विचारलं.

हौसाक्का पुढे झाली. "साहेब, बाकीच्यांवर उधळत्यात. तुमाला एकगठ्ठा दिल्या. मान हाय तुमचा!"

साहेबच हसत सुटले. त्या दिवशी आम्हाला कुणी उठवलं नाही.

*

कोथरूडची एक कॉलेजची पोरगी पुतळ्यासमोर रील करत होती. मला म्हणाली, "आजी, थोडं साइडला व्हाल? तुम्ही बॅकग्राउंडला येताय."

मी म्हटलं, "बाळ, पुतळाही येतोय. आधी त्याला सांग. तो हलला की मी हलते."

पोरीने तेच रील टाकलं! दुसऱ्या दिवसापासून लोक मला बघायला यायला लागले. यायचे, फोटो काढायचे, निघून जायचे. हार कुणी घेईना. मी हौसाक्काला म्हटलं, "पुतळ्याचं दुःख मला आज कळलं!"

*

मग आलं सुशोभीकरण. नवी फरशी, नवं कारंजं आणि नवे साहेब. "आजी, आता इथे बसायचं नाही. अजिबात नाही. मागच्या बोळात जा."

त्या बोळात कुत्रं फिरकत नाही, हार कोण घेणार? आमचं दोघींचं पोट त्या जागेवर. एरवी कुणालाही उत्तर देणारी हौसाक्का त्या दिवशी पाटी उचलून बोळाकडे चालायला लागली. मला त्याचीच भीती वाटली.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. लाल गालिचा, क्रेनला लटकलेला भलामोठा हार, मागून ढोलपथक. आता आमच्याकडची रीत अशी, की चौकात पहिला ठोका पडायच्या आधी ढोलाला हार घालायचा, आणि तो हार तिथेच, पथकासमोर, हारवालीने ओवायचा. कुठे लिहिलेलं नाही, पण कुठलंही पथक ती मोडत नाही.

पथकाची प्रमुख कात्रजची एक आयटीतली पोरगी. तिने पुतळ्याच्या पायाशी पाहिलं, तर जागा रिकामी. तिने हात वर केला. सगळं पथक उभं, ढोलावर टिपरू पडेना.

"अहो, वाजवा की!" साहेब ओरडले.

"सर, ढोलाला हार नाही."

"हा क्रेनवरचा घ्या!"

"तो आयता ओवून आणलाय. आमच्या आज्या कुठायत?"

थोड्याच वेळात बोळात पोलिसांची जीप! पाट्यांसकट आम्ही दोघी जीपमध्ये, आणि चौकात शिरलो तर लोकांच्या टाळ्या. साहेब घामाघूम. "आजी, पटकन एक हार करा हो."

हौसाक्का जीपमधून उतरली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "करते की. पण उभ्यानं हार ओवत नसत्यात. बसू कुठं?"

साहेब जमिनीकडे बघायला लागले. शेवटी मोठे पाहुणे स्वतः व्यासपीठावरून खाली आले, लाल गालिच्याचं टोक ओढून पुतळ्याच्या पायाशी पसरलं आणि म्हणाले, "मावशी, इथे बसा."

हौसाक्काने गालिचा पायाने चाचपून बघितला.

"ह्यो नको. आमचं गोणपाट आणा!"